भट्टी आणि शेजारधर्म

१९७५ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी शिक्षक म्हणून पनवेलला नुकताच आलो होतो. गरजू घरांतील मुलांची फी भरावी, वह्या-पुस्तके द्यावीत, अडल्यानडल्या कुटुंबाला थोडे धान्य पोहोचवावे, एवढ्याच हेतूने आमच्यातील काही जण एक लहानसे मंडळ चालवीत असत. हिशेब नीट लिहितो म्हणून मलाही त्यात घेण्यात आले. जुलैच्या बैठकीत एका विधवेचा अर्ज पुढे आला. ती उरणकडून लग्न होऊन आलेली. नवरा मिठागरावर कामाला होता, तो दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. पदरात चार मुले. थोरल्या दोघांच्या फीसाठी तिने साहाय्य मागितले होते. अर्ज वाचून होताच एक सभासद खाली पाहत म्हणाले, "ती भट्टी लावते." क्षणभर कोणी बोलले नाही. मग मत घेण्यात आले. आम्ही पाच जण होतो आणि पाचही हात अर्जाच्या विरोधात वर गेले. त्यांतला एक हात माझा होता.

त्या बाईला सारी वस्ती मावशी म्हणत असे. खाडीच्या कडेला, तिवरांच्या आड तिची भट्टी होती, हे कोणापासून लपलेले नव्हते. आज पन्नास वर्षांनंतरही तो वर गेलेला हात मला अधूनमधून आठवतो. आम्ही चुकलो असे मला सरळ म्हणता येत नाही आणि बरोबर होतो असेही म्हणवत नाही. मावशीचे पाप नेमके कशात होते? दारू गाळण्यात, ती विकण्यात, की ज्याला विकली त्याच्या घराकडे न पाहण्यात? आणि ते पाप तिचेच असेल, तर तेच द्रव्य हजारो लिटरांनी तयार करणाऱ्याला आपण उद्योजक म्हणून हार का घालतो? या प्रश्नांचा शांतपणे विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या द्रव्याकडेच पाहू. गूळ पाण्यात कालवून ठेवला, काजूच्या बोंडांचा रस काढून ठेवला किंवा मोहाची फुले भिजत घातली, तर काही दिवसांत ते मिश्रण फसफसू लागते. डोळ्यांना न दिसणारे किण्व साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करते. माणूस नसता तरी हे घडले असते. रानात पडून आंबलेल्या फळांत ते घडतच असते. मात्र या क्रियेला निसर्गानेच एक सीमा घातली आहे. मद्यार्काचे प्रमाण शेकडा बारा-चौदाच्या आसपास पोहोचले की सामान्यतः ते किण्वच त्यात टिकाव धरू शकत नाही. आपल्याच निर्मितीत ते बुडते आणि काम थांबते.

माणूस तेथे थांबत नाही. पाणी १०० अंशांवर उकळते, मद्यार्क सुमारे ७८ अंशांवर. त्या आंबलेल्या द्रवाखाली, ज्याला भट्टीवाले व पोलीस दोघेही 'रसायन' म्हणतात, मंद जाळ घातला की वाफेत मद्यार्काचा अंश अधिक येतो. ती वाफ नळीतून नेऊन गार पाण्याने थंड केली की थेंब पडू लागतात. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत त्या थेंबांतूनच आला. आंबविणे हे निसर्गाचे काम, त्यात माणूस केवळ भांडे पुरवितो. गाळणे हे मात्र सर्वस्वी माणसाचे काम. निसर्गाची सीमा ओलांडून त्याने जी शक्ती बाटलीत भरली, तिची जबाबदारी त्याला निसर्गावर टाकता येणार नाही.

द्रव्य स्वतः पापी आहे, असे मात्र आपल्या परंपरेने कधी मानले नाही. काना गावच्या लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस झाला आणि त्याच द्राक्षारसाला पुढे वेदीवर स्थान मिळाले. मिस्सासाठी वापरायचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांपासून झालेला आणि न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे. त्या वेदीवरच्या रसातला मद्यार्क आणि मावशीच्या मडक्यातला मद्यार्क यांचा रेणू एकच. तोच औषधांच्या अर्कांत असतो, अत्तरात असतो. २०२० साली महासाथ आली, तेव्हा साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी त्याच मद्यार्कापासून हात निर्जंतुक करण्याचे द्रव तयार केले आणि आपण ते तळहातावर घेऊन दारात उभे राहिलो. २०२५ साली पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. ज्या द्रव्याने मुंबई-पुणे रस्त्यावर गाड्या धावतात, त्याच द्रव्यापायी त्याच रस्त्याच्या कडेला एखादा मनुष्य पडलेला असतो. तेव्हा प्रश्न द्रव्याचा नाही. ते कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या नजरेसमोर केले, याचा आहे.

आपल्या भागाचा इतिहासही या प्रश्नाला जोडलेला आहे. माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांतून मोहाची झाडे आहेत. वसंतात पहाटे फुले गळतात, ती वेचून वाळवायची, काही खायची, काही आंबवून गाळायची, ही आदिवासींची जुनी रीत. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारी कायदा केला आणि दारू गाळणे हा सरकारी परवान्याचा व मक्त्याचा विषय झाला. पनवेलपासून जवळच उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या चालत आणि तेथून मुंबईला माल जाई. एवढ्यानेही घरोघरची भट्टी थांबेना, म्हणून १८९२ साली खास मोहफुलांविषयी कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत ती फुले गोळा करणे व बाळगणे यांवर बंधने आली. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यातच होते. झाड आपल्या दारात, फूल आपल्या अंगणात पडलेले आणि ते उचलणे गुन्हा! उरणच्या भट्टीतील दारू कर भरून आलेली म्हणून शुद्ध, वाडीवरची दारू कर चुकवून झालेली म्हणून अशुद्ध. पिणाऱ्याच्या यकृताला हा भेद कळत नव्हता. तो फक्त तिजोरीला कळत होता. त्या फुलांवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ साली उठविले. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत किती पिढ्यांनी आपल्याच अंगणातले फूल चोरासारखे वेचले असेल, याची गणती कोण करणार?

स्वातंत्र्याच्या आगेमागे आलेली दारूबंदी मात्र निराळ्या प्रेरणेतून आली होती, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई शहरात बंदी आणली; तो प्रयोग अल्पकाळच टिकला. पुढे १९४९ चा कायदा आला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेही मादक पेयांना आळा घालण्याचे कर्तव्य राज्याला सांगितले. पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी येणारा नवरा आणि त्याची वाट पाहणारी पत्नी ज्यांनी पाहिली होती, अशांनी हा विचार मांडला होता. त्यांची टवाळी करणे सोपे आहे; त्यांनी पाहिलेले दुःख खोटे ठरविणे शक्य नाही. परंतु कायद्याने दुकान बंद झाले तरी तहान बंद झाली नाही. भट्टी तिवरांत गेली, मुंबईत मागच्या खोलीत गेली. आपल्या समाजातील काही विधवा, काही निराधार स्त्रिया त्या मागच्या खोलीतून संसार चालवू लागल्या. मुंबईने त्यांना 'आंटी' म्हटले आणि त्यांच्यावर विनोद केले. आपणही हसलो. या बायांना दुसरे काय करता आले असते, हे विचारण्याची तसदी आपल्यातल्या फार थोड्यांनी घेतली.

आता मावशीकडे परत येतो. त्याच वर्षी दिवाळीनंतर तिच्या भट्टीवर धाड पडली. मडकी फुटली, रसायन खाडीत ओतले गेले, तिला दंड झाला. भट्टी बंद झाली. तिच्या थोरल्या मुलाने शाळा सोडली आणि तो एका गॅरेजात कामाला लागला. आमच्या मंडळात कोणीतरी समाधानाने म्हणाले, "बरे झाले, वस्ती स्वच्छ झाली." ही स्वच्छता चार महिनेही टिकली नाही. मोटारीच्या रबरी ट्यूबमध्ये दारू भरून सायकलवरून आणणारा एक मनुष्य अंधार पडल्यावर येऊ लागला. तो कोठून येतो, कोठे जातो, ते कोणाला ठाऊक नव्हते. लोक त्याला ट्यूबवाला म्हणत. पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री त्याच्याकडून घेऊन प्यायलेला मिठागरावरचा एक मजूर सकाळी उठला आणि बायकोला म्हणाला, "दिवा लाव." बाहेर ऊन पडले होते.

त्याला इस्पितळात नेणाऱ्यांत मी होतो. जीव वाचला, दृष्टी गेली. त्याची पत्नी बाहेरच्या बाकावर बसली होती. धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "मावशीची भट्टी होती तोवर असं झालं नव्हतं." तिने माझ्याकडे पाहिले. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "मास्तर, मावशीच्या दारूनं माझं घर गेलं, ह्याच्या दारूनं त्याचे डोळे गेले. दोघांत चांगला कोण, ते मला नका विचारू. पण मावशीच्या दारात जाऊन मी भांडू तरी शकले. ह्या ट्यूबवाल्याचं दार कुठं आहे?"

नीतिशास्त्राचे अनेक ग्रंथ मी नंतर वाचले. या प्रश्नाच्या इतक्या मुळाशी जाणारे वाक्य त्यांत मला आढळले नाही.

त्या मजुराची दृष्टी कशाने गेली, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण याविषयी बराच गैरसमज आहे. गुळाची किंवा मोहाची दारू गाळताना आंधळे करणारे विष आपोआप तयार होते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः गूळ आंबल्याने मिथेनॉल जवळजवळ होतच नाही. फळांच्या गरातून होते तेही अल्प असते. हातभट्टीच्या दारूत घाण असते, गंजलेल्या पत्र्याचा अंश असतो, नवसागरासारखे पदार्थ पडतात आणि दीर्घकाळ पिणाऱ्याचे शरीर ती पोखरते. परंतु एका रात्रीत शेकडो माणसे आडवी करणारे मिथेनॉल भट्टीत गाळलेले नसते. ते कारखान्यांसाठी तयार झालेले असते, तेथून वळविलेले असते आणि स्वस्त पडते म्हणून दारूच्या नावाने पाणी घालून विकलेले असते. त्याला मद्यार्काप्रमाणेच गंध आणि तसाच कैफ असतो. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते प्रथम नेत्रमज्जेवर घाला घालते. २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीला ऐंशीहून अधिक माणसे अशी गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक गेली. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ साली लागला. चौघे दोषी ठरले, दहा जण सुटले. शंभरांवर घरांतून प्रेते निघाली आणि दार शोधता शोधता नऊ वर्षे लोटली.

यातला एक विरोधाभास अंतर्मुख करणारा आहे. मिथेनॉलची बाधा झालेल्या रोग्याला जे उतारे देतात, त्यांपैकी एक म्हणजे शुद्ध मद्यार्कच. यकृतातील ज्या विकरामुळे मिथेनॉलचे विष बनते, ते विकर मद्यार्क आधी अडवून धरतो आणि तोवर मिथेनॉल शरीराबाहेर पडू शकते. म्हणजे त्या मजुराला ट्यूबवाल्याने जे दिले, त्यावरचा उतारा मावशीच्या मडक्यात होता. आम्ही मडके फुटले म्हणून समाधान मानले आणि त्याच्या जागी काय येईल याचा विचार केला नाही. तिकडे अमेरिकेत १९२० च्या दशकातील दारूबंदीच्या काळात औद्योगिक मद्यार्क लोकांनी पिऊ नये म्हणून सरकारनेच त्यात मिथेनॉलसारखी विषे वाढविली होती. तरीही लोकांनी तो प्यायला आणि अनेक जण मेले. 'आम्ही तर सावध केले होते,' हे उत्तर तेथेही दिले गेले. माणसाच्या दुर्बलतेवर विषाचा पहारा बसविणे आणि माणसाला दुर्बलतेतून सोडविणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी मद्यपानाच्या पापाचा विचार करताना एक सूक्ष्म भेद केला आहे. पेय किती कडक आहे, हे ठाऊक नसताना जो प्यायला आणि धुंद झाला, त्याला ते पाप मानत नाहीत. ठाऊक असूनही जो बेभान होईपर्यंत पितो, त्याचे पाप ते गंभीर मानतात. सारा भर जाणिवेवर आहे. हाच भेद पिणाऱ्याकडून गाळणाऱ्याकडे वळवून पाहावा. ट्यूबवाल्याकडून घेणाऱ्याला आपण काय पितो आहोत, ते ठाऊक नव्हते. देणाऱ्याला ठाऊक होते, किंवा ठाऊक करून घेण्याची त्याने पर्वा केली नाही. तेव्हा त्या अंधत्वाचा सारा भार देणाऱ्यावर येतो. मावशीकडे घेणाऱ्याला मात्र आपण काय पितो, ते पुरते माहीत होते. तेथे दोष वाटला जातो. थोडा पिणाऱ्याचा, थोडा देणारीचा.

'थोडा' म्हटले म्हणून तो हलका नव्हे. येथे मला हातभट्टीचे गोडवे गाणाऱ्यांपासून वेगळे व्हावे लागते. आजकाल शहरी लोक गावठी दारूविषयी कौतुकाने बोलतात. त्यांनी ती पिणाऱ्याच्या घरी रात्र काढलेली नसते. त्या मजुराची पत्नी मावशीच्या दारात दोनदा गेली होती. "त्याला देऊ नकोस, मावशी. पोरं उपाशी राहतात." मावशीचे उत्तर होते, "मी नाही दिली तर तो पुढच्या दारात जाईल." हे उत्तर जगातील प्रत्येक गाळणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे उत्तर आहे. त्यात तथ्य आहे आणि तरीही ते अपुरे आहे. पुढचे दार उघडे आहे, म्हणून माझे दार उघडे ठेवण्याचे पाप माझे होत नाही, असे कोणत्याही नीतिशास्त्राने म्हटलेले नाही. काइनाने भावाविषयी विचारलेल्या प्रश्नाला 'तो दुसऱ्या शेतातही गेलाच असता' हे उत्तर होऊ शकत नाही.

परंतु नीतिशास्त्र आणखीही एक गोष्ट सांगते. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपण मनाने सामील होतो की केवळ साधन पुरवितो, असा भेद संत आल्फॉन्सस लिगोरींसारख्या आचार्यांनी केला आहे आणि साधन पुरविणाऱ्यालाही ते सरसकट मोकळे सोडत नाहीत. त्या कसोटीवर भट्टीभोवती किती माणसे उभी दिसतात! सडका काळा गूळ पोत्यांनी विकणारा व्यापारी, ज्याला तो कशासाठी जातो हे माहीत असते. जागा देऊन भाडे घेणारा मालक. पाहून न पाहिल्यासारखे करणारा शेजारी. आणि या रांगेत शेवटी आमचे मंडळही उभे आहे. दोन मुलांची फी नाकारताना आम्ही तिच्या पापापासून दूर झालो, असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात भट्टीवाचून जगण्याची एक वाट ती मागत होती आणि ती वाट आम्ही बंद केली. शुद्ध हातांनी बंद केली, हे विशेष.

मोठ्या भट्टीविषयी मग काय म्हणावे? आमच्याच तालुक्यात तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचा कारखाना आहे. खारघरमध्ये दारूच्या परवान्यांना नागरिकांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मागणी केली तर वस्तीतले दुकान बंद करण्याची तरतूदही आपल्या राज्यात आहे; 'आडवी बाटली' या नावाने ती गावोगाव माहीत झाली. या सर्व ठिकाणी स्त्रिया शोधत आहेत ते दारच. जाऊन भांडता येईल असे दार. मोठा कारखानदार कायदा मोडत नाही, कर भरतो, त्याच्या बाटलीत विष नसते. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. पण पिणाऱ्याचे घर त्याला कधी दिसत नाही आणि दिसू नये अशीच सारी व्यवस्था असते. मध्ये घाऊक विक्रेता, किरकोळ विक्रेता, जाहिरात आणि महसूल उभे असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की औद्योगिक मद्यार्काचेही नियमन करण्याचा अधिकार राज्यांना आहे. हा अधिकार कर गोळा करण्यापुरता वापरला जाईल, की मिथेनॉलचे पिंप कारखान्यातून निघाल्यापासून कोठे जाते याचा माग ठेवण्यासाठी, यावर पुढच्या मालवणीचे भवितव्य अवलंबून आहे.

लहान भट्टी सन्मानाने आणि जबाबदारीने चालूच शकत नाही, असे नाही. गोव्यात काजूच्या हंगामात बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवतात आणि गावच्या भाटीवर गाळतात. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. भाटीकार कोण, हे गावाला ठाऊक असते. वाईट माल दिला तर त्याचे नाव जाते. फेणीनेही घरे बुडविली आहेत, हे गोव्यातील कोणतीही आई सांगेल. तरी तेथे दार आहे.

आपल्याकडे साताऱ्याच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात निराळाच मार्ग दाखविला. गोड ज्वारीच्या ताटांचा रस आंबवून, सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करून त्यातून मद्यार्क गाळण्याचा प्रयोग तेथे झाला. पुढे पाण्याने निम्मा पातळ केलेल्या मद्यार्कावर चालणारी चूल त्या संस्थेने तयार केली. चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या स्त्रीसाठी तेच द्रव्य, तीच क्रिया. अशा विधायक कामातही मद्यार्क म्हटला की अबकारीचा प्रश्न उभा राहतोच. आपल्या कायद्याला पिणारा दिसतो, कर चुकविणारा दिसतो. चूल पेटविणारी दिसायला वेळ लागतो. मावशीच्या हातात जे कौशल्य होते, जाळ किती ठेवावा, धार केव्हा बदलते, हे तिला वासावरून कळे, त्या कौशल्याला अशी एखादी वाट मिळाली असती तर? हा प्रश्न आता निरर्थक आहे, हे मला कळते.

मला जे समजले ते एवढेच. गाळण्याच्या क्रियेत पाप नाही. पाप सुरू होते ते हातातून जे निघाले त्याच्यामागे आपण उभे राहत नाही तेव्हा. ट्यूबवाला अंधारात उभा राहिला; कारखानदार अंतरामागे उभा राहतो; मावशी दारात उभी राहिली, पण दारातल्या बाईचे ऐकले नाही. आणि आम्ही? आम्ही ठरावामागे उभे राहिलो. कायदा भट्टीला परवाना देईल किंवा नाकारेल, तिच्या मालाची तपासणी करील. ते त्याने करावेच. शेजारधर्म मात्र परवान्याने येत नाही. त्याचा आरंभ, ज्याला देतो त्याच्या घरी काय शिजले आहे, हे विचारण्यात होतो. हा नियम दारू देणाऱ्याला लागू आहे, तसाच मदत देणाऱ्यालाही लागू आहे.

पुष्कळ वर्षांनी, मी निवृत्त होण्याच्या सुमारास, मावशीला भेटायला गेलो. ती थोरल्या मुलाकडे राहत होती. त्याचे स्वतःचे गॅरेज झाले होते. म्हातारपणाने तिला कमी दिसत असे, पण आवाजावरून तिने ओळखले. मी त्या बैठकीचा विषय काढला आणि माझा हातही वर गेला होता, हे सांगितले. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मास्तर, तुम्ही फी दिली असती तर मी भट्टी बंद केली असती, असं छातीवर हात ठेवून मला आजही सांगता येत नाही. पण तुमच्यातलं कोणी विचारायला आलं नाही. मीसुद्धा त्या बाईच्या घरी कधी गेले नाही."

मग तिने सुनेला चहा ठेवायला सांगितले.